दारची कण्हेर आणि पुरुषाचा वाटा

आमच्या रत्नागिरीकडे घराभोवती चिऱ्याचा गडगा घालण्याची चाल आहे, आणि गडग्याच्या कडेने जास्वंद, तगर, अनंत यांच्या पंगतीत एखादी कण्हेर हटकून लावलेली असते. तिला कोणी खतपाणी घालीत नाही. पावसाने ती कुजत नाही, वैशाखात सुकत नाही. मोकाट गुरे आत शिरली तर साऱ्या बागेचा फडशा पाडतील, पण कण्हेरीला तोंड लावणार नाहीत. वर बाराही महिने देवाला फुले! इतकी सोशिक रहिवासी दुसरी शोधून सापडायची नाही. आणि तरीही ज्या घरी कण्हेर असते, त्या घरच्या मुलांना कळू लागल्यापासून एक ताकीद मिळालेली असते: "फुले काढा, पण पान-फांदी तोंडात घालू नका, आणि हात धुतल्याशिवाय खाऊला शिवू नका."

ताकीद रास्तच आहे. मी मराठी शिकविते, तेव्हा झाडाआधी त्याच्या नावाकडे माझे लक्ष जाते. संस्कृतात कण्हेरीला 'करवीर' म्हणतात. नाव मोठे भारदस्त. पण तिचे दुसरे नाव आहे 'अश्वमारक', म्हणजे घोड्याला मारणारी. आयुर्वेदाने जी सात उपविषे सांगितली आहेत त्यांत कण्हेर आहे, आणि जिच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो ती रुईही आहे. या दोघींची तिसरी बहीण म्हणजे पिवळी कण्हेर, आपली बिट्टी. ही मूळची इथली नव्हे, अमेरिका खंडातून आलेली. पण आता इतकी रुळली आहे की तिच्या टणक बिया घेऊन खेळण्यात कोकणातल्या कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

या तिघींच्या अंगी जे विष आहे ते एकाच घराण्यातले. कण्हेरीत ओलिॲन्ड्रिन, बिट्टीत थेव्हेटिन, रुईत कॅलोट्रोपिन अशी त्याची नावे वेगळी, पण घडण सारखी: स्टेरॉइडचा एक सांगाडा आणि बहुधा त्याला जोडलेली साखर. हृदयावर यांचा अंमल चालतो, म्हणून रसायनशास्त्राने या घराण्याला 'कार्डिॲक ग्लायकोसाइड' असे नाव दिले आहे.

हे सगळे मी आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना मधल्या सुट्टीत मोठ्या ऐटीत सांगत होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, अश्वमारक हे ठीक आहे. पण घोड्याला धक्का न लावता नुसती त्याची वंशवेल थांबवता आली तर? याच विषावर तसे काम चालले आहे!"

मग पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याकडून पुस्तके आणि शोधनिबंध आणून वाचीत होते. विषय शुक्राणूंचा, म्हणजे पुरुषबीजाचा. दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात, त्यात हा विषय कसा काढावा, असे क्षणभर मनात आले. पण ज्या जिल्ह्यात र. धों. कर्वे जन्मले, त्या जिल्ह्यातल्या बाईने या विषयाला लाजावे, हे काही खरे नव्हे. कर्व्यांकडे मी पुढे येणारच आहे.

विषाचे औषध कसे झाले

या विषाची आणि माणसाच्या हृदयाची ओळख जुनी आहे. इंग्लंडातल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांना एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती काढ्याची माहिती मिळाली. अंगावर पाणी चढून सुजलेली माणसे त्या काढ्याने बरी होत. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यांतली खरी गुणकारी 'फॉक्सग्लोव्ह', म्हणजे डिजिटॅलिस, हे विदरिंगनी ओळखले आणि रोग्यांवरचे आपले अनुभव 1785 साली ग्रंथरूपाने छापले. औषध आणि विष यांच्यामधली रेषा या वनस्पतीत किती बारीक आहे, तेही त्यांनी त्यात बजावून ठेवले आहे.

दुसरा धागा आफ्रिकेतला. तिथले शिकारी बाणांच्या टोकांना स्ट्रोफँथसच्या बियांचे विष लावीत. लिव्हिंग्स्टनबरोबर गेलेल्या जॉन कर्क यांच्या दात घासायच्या ब्रशाला ते विष चुकून लागले आणि आपल्या नाडीची गती बदलल्याचे त्यांना जाणवले. पूर्व आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका झाडापासून 1888 साली फ्रान्समधल्या आर्नो या रसायनशास्त्रज्ञाने असेच एक द्रव्य वेगळे काढले. त्याला नाव मिळाले 'वाबेन'. ते आले आहे सोमाली भाषेतल्या 'वाबायो' या शब्दावरून, आणि त्याचा अर्थच मुळी बाणाचे विष! हा वाबेन वाचकांनी ध्यानात ठेवावा. आपल्या गोष्टीचा नायक तोच आहे.

डिजिटॅलिसच्याच जातभाईपासून 1930 साली डिगॉक्सिन निघाले, ते अजून वापरात आहे. आमच्या सासूबाई त्याची अर्धी गोळी आठवड्यातले पाच दिवस घेतात, शनिवार-रविवार सुट्टी. "माझ्या हृदयाला सरकारी नोकरी लागली आहे," असे त्या आल्यागेल्याला सांगतात. ही गोळी कण्हेरीच्या विषाची चुलतबहीण, असे मी त्यांना म्हटले, तेव्हा त्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "अगो, म्हणजे इतकी वर्षं मी गडग्यावरची कण्हेरच चघळत्ये की काय!" तसे मुळीच नव्हे. गोळीत औषध मिलिग्रॅमच्या हिशेबाने मोजलेले असते, आणि डॉक्टरांची नजर त्यावर असते. झाडाच्या पानात किती विष आहे, ते कोण मोजणार?

आगरातला रहाट

हे विष करते तरी काय? कोकणातल्या माणसाला ते समजायला अवघड जाऊ नये. जुन्या नारळी-पोफळीच्या आगरात विहिरीवर रहाट असे. रहाट पाणी उपसून वर डोणीत टाकी आणि मग ते पाटाने आपोआप झाडांकडे वाहत जाई. कष्ट सारे उपसण्यात. एकदा पाणी उंचावर आले की पुढची कामे उतारावर आपसूक होत.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात असेच रहाट बसविलेले आहेत. ते सोडियम बाहेर उपसतात आणि पोटॅशियम आत घेतात. एका फेऱ्यात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असा त्यांचा हिशेब. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये या रहाटाचा शोध लावला आणि पुढे चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये, त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेर साठलेले सोडियम पुन्हा आत यायला धडपडते आणि त्या ओढीवर पेशी आपली दुसरी कामे उरकून घेते, पाटाच्या पाण्यासारखी.

वाबेन, ओलिॲन्ड्रिन, डिगॉक्सिन ही सारी मंडळी या रहाटाला बाहेरून खुंटी मारतात. हृदयाच्या पेशीत रहाट थोडा अडला की आत सोडियम वाढते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर पडेनासे होते, आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे हृदयाचा स्नायू जोराने आवळतो. थोडक्यात उपयोग, अधिकात घात. मात्रा वाढली की ठोक्यांचा ताल बिघडतो आणि घोडा काय, माणूस काय, आडवा होतो.

आता शुक्राणूकडे वळू. 1677 मध्ये डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने तो आपल्या भिंगाखाली प्रथम पाहिला. लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. एक डोके आणि वळवळणारी शेपटी. शरीरातल्या बाकीच्या पेशी जन्मल्या घरी राहतात. हा मात्र आपले घर सोडून दुसऱ्याच्या शरीरात प्रवासाला जातो. त्याचे सारे कर्तृत्व शेपटीत. शेपटी जोमाने हलायची तर आत तयार होणारे आम्ल बाहेर टाकले पाहिजे, आवरणावरचा विजेचा दाब टिकला पाहिजे, कॅल्शियम मापात राहिले पाहिजे. ही कामे सोडियमच्या त्याच ओढीवर चालतात. रहाट थांबला की आत सोडियम साचते, आम्ल वाढते, विजेचा दाब उतरतो आणि शेपटी मंदावते. शुक्राणू जिवंत असतो, पण स्त्रीबीजापर्यंत पोहोचण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही.

चौथा भाऊ

इथवर वाचून चतुर वाचक विचारील, की रहाट जर सर्व पेशींत आहे, तर विष शुक्राणूला थांबविण्याआधी हृदयच थांबवील. त्याचा उपयोग काय? शंका बरोबर आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. रहाट दिसायला एक असला तरी त्याचा मुख्य भाग चार प्रकारचा असतो. पहिला शरीरात सगळीकडे. दुसरा मुख्यतः स्नायू, हृदय आणि मेंदू यांत. तिसरा मुख्यतः मज्जातंतूंच्या पेशींत. चौथ्याचा पत्ता 1994 मध्ये लागला. हा चौथा भाऊ फक्त पुरुषबीजात असतो. शरीरात दुसरीकडे तो नांदत नाही. स्त्रीच्या शरीरात पोहोचलेला शुक्राणू फलनासाठी सिद्ध होतो, तेव्हा या चौथ्याचे काम आणखी वाढते.

तो किती महत्त्वाचा आहे, हे अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात गुस्ताव्हो ब्लॅन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखविले. त्यांनी उंदरांतले या चौथ्या रहाटाचे जनुकच काढून टाकले. उंदीर धडधाकट होते, पण नर पूर्ण वंध्य. त्यांच्या शुक्राणूंना धड पोहता येईना. शेपट्या केसाच्या आकड्यासारख्या दुमडलेल्या.

मग शोध सुरू झाला तो असे औषध घडविण्याचा, जे चौथ्याला पकडील आणि बाकीच्या तिघांना सोडील. निसर्गानेही असे भेद केलेले आहेत. रुईच्या पानांवर पोसणाऱ्या सुरवंटांची ठिपकेवाली नारिंगी फुलपाखरे आपण पाहतो. पक्षी त्यांना खात नाहीत, कारण रुईचे विष त्यांच्या अंगात साठलेले असते. त्यांच्या अमेरिकेतल्या 'मोनार्क' नावाच्या भाईबंदाचा रहाट तपासला, तेव्हा त्याच्या घडणीत थोडासा फरक आढळला. त्यामुळे खुंटी नीट बसतच नाही. रहाटाच्या घडणीतल्या एवढ्याशा फरकावर जगणे-मरणे अवलंबून असते.

ब्लॅन्को आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या गुंडा जॉर्ज यांच्या गटांनी मिळून वाबेनचीच घडण बदलली. त्याची साखर काढली आणि सांगाड्याच्या एका टोकाला नवी नायट्रोजनयुक्त कडी जोडली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार हे नवे द्रव्य चौथ्या रहाटावर नेमके बसले. नर उंदरांना ते दिल्यावर त्यांच्या शुक्राणूंची हालचाल मंदावली, आणि हृदयाला अपाय झालेला दिसला नाही. द्रव्याचा रोख तयार शुक्राणूंवर असतो. पुरुषाच्या शरीरात नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा औषध थांबविले की पुढे येणारे शुक्राणू पूर्ववत असावेत, असा त्यामागचा तर्क आहे.

पण इथे पाऊल जपून टाकायला हवे. उंदराचा पहिला रहाट वाबेनला फारसा दाद देत नाही, माणसाचा देतो. म्हणजे उंदराला जे सोसले ते माणसाला सोसेलच असे नाही. चीनमध्ये सरकीच्या तेलातल्या गॉसिपॉलचे असेच झाले. कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या खेड्यांत मुले होईनाशी झाली, त्यावरून शोध लागला. 1970 नंतरच्या दशकात 8,000 हून अधिक पुरुषांवर प्रयोग झाले. औषध परिणामकारक ठरले, पण काहींच्या शरीरातले पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडले, आणि काहींचे वंध्यत्व कायमचे राहिले. तो नाद शेवटी सोडावा लागला. वाबेनपासून बनविलेली पुरुषांसाठीची कोणतीही गोळी अजून दुकानात आलेली नाही.

तेव्हा कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, कण्हेर किंवा बिट्टी उगाळून, वाटून, काढा करून पोटात घेऊ नये. श्रीलंकेच्या उत्तर भागात 1980 नंतर बिट्टीच्या बियांच्या विषबाधेने हजारो माणसे रुग्णालयांत आली आणि कित्येक दगावली. त्यावरचा उतारा आहे, पण तो अतिशय महाग आहे आणि तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. आणि जे डिगॉक्सिन घेतात, त्यांनी हा लेख वाचून आपली गोळी सोडू नये, डॉक्टरांना विचारावे.

कर्व्यांचा जिल्हा

आता कर्व्यांकडे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 1882 सालचा, दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. वडील महर्षी, मुलगा गणिताचा प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला. मेरी स्टोप्स यांचा लंडनचा दवाखाना त्याच वर्षीचा, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालविले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. मूल हवे की नको, केव्हा हवे, हे ठरविण्याचा अधिकार बाईला असला पाहिजे, हे ते त्या काळात मोकळ्या शब्दांत सांगत होते.

त्या दवाखान्याला शंभर वर्षे होऊन गेली. आज काय दिसते? 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, आणि ज्यांच्या नवऱ्याची झाली होती अशा स्त्रिया 0.3 टक्के. निरोध वापरणारी जोडपी 9.5 टक्के. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटात हत्यार घालावे लागते. पुरुषाची शस्त्रक्रिया जागा बधिर करून, बिनटाक्याची, पाव-अर्ध्या तासाची. तरी आकडे असे!

याला कारण आहे, आणि ते सगळे पुरुषांच्या आळसात नाही. एक काळ असा होता की पुरुष पुढे येत. केरळात एर्नाकुलमच्या 1971 च्या शिबिरात एका महिन्यात साठ हजारांवर पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत सक्तीच्या किती याची मोजदाद माणसांच्या मनांत आहे. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचा कायदाच संमत केला होता. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो अमलात आला नाही. त्या धाकाने पुरुष जे मागे सरले ते सरलेच. आणि ओझे गुपचूप बाईच्या डोक्यावर आले.

आमच्या नात्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्यांच्या अंगात रक्त राहिले नव्हते. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितले, "यांचे नको, तुमचे करून टाकू, उद्या घरी जाल." नवरा तयारही झाला होता. घरातल्या वडीलधाऱ्या बाई मध्ये पडल्या. "कमावत्या पुरुषास अशक्तपणा आला, तर चूल कोणी पेटवायची?" शेवटी शस्त्रक्रिया झाली ती त्या बाईंचीच, आणि चूलही महिन्याभरात त्यांनीच पेटविली. अशक्तपणाची भीती खोटी आहे. पुरुषाच्या या शस्त्रक्रियेने ताकद जात नाही, पुरुषत्वही जात नाही, फक्त शुक्राणूंची वाट बंद होते. पण हे त्या दिवशी त्या ओसरीवर बोलणारे कोणी नव्हते.

म्हणून मला वाबेनच्या संशोधनाचे अगत्य वाटते. शस्त्रक्रिया नको, कायमचे काही नको, आणि बाईच्या शरीराला रोजची गोळी नको, अशी एक वाट पुरुषासाठी निघाली, तर तो 'मला भीती वाटते' म्हणून मागे सरणार नाही, अशी आशा करायला जागा आहे. पण नुसती आशाच. कारण निरोध आजही दुकानात आहे, बिनटाक्याची शस्त्रक्रिया आजही सरकारी रुग्णालयात आहे, आणि त्यांना वाबेनची वाट पाहावी लागत नाही.

प्राणिशास्त्राचे आमचे सहकारी म्हणतात, की प्रयोगशाळेतून औषध बाहेर पडायला अजून बराच काळ लागेल. लागो बापडा. तेवढ्या काळात आपल्याकडे करायचे काम आहे. लग्न ठरले की पत्रिका, मानपान, हॉल, आचारी यांवर दोन्ही घरांत तासन् तास बोलणी होतात; मुले किती, केव्हा, आणि ती नको असतील तेव्हा काळजी कोणी घ्यायची, यावर अर्धा तासही नाही. ते बोलणे त्या दोघांनी करावे, आणि आपण वडीलधाऱ्यांनी मध्ये पडू नये. बोलणे निघाले आणि मुलगा म्हणाला, "ते मी बघतो," तर त्याला अशक्तपणाची भीती घालू नये, एवढे तरी आपल्या हाती खास आहे.